दिव्यांचें झाड

बीड शहराच्या पूर्वेकडील टेकडीवर खंडोबाचें हेमाडपंती धाटणीचें देवालय आहे. देवळासमोर दोन अष्टकोनी दीपमाळा उभ्या आहेत; प्रत्येकीची उंची सुमारें ७० फूट. त्यांच्या अंगावर माणसांच्या व प्राण्यांच्या आकृति कोरलेल्या आहेत, पण त्यांतील बहुतेक आतां झिजल्या-भंगल्या आहेत. हें देवालय कोणीं बांधलें याविषयीं दोन हकीकती सांगतात. एक हकीकत निजामाच्या पदरचे जहागीरदार सुलतानजी निंबाळकर यांचें नांव घेते, दुसरी महादजी शिंद्यांचें. बांधणाऱ्याच्या नांवाविषयीं असा मतभेद असला, तरी देवळापुढें त्यानें काय उभें केलें याविषयीं कोणालाच शंका नाहीं. तीं दगडाचीं दोन झाडें आहेत, आणि दिव्यांखेरीज त्यांना दुसरें फळ नाहीं.

दीपमाळेची रचना साधी, परंतु विचारपूर्वक केलेली असते. खालीं रुंद जोतें, त्यावर वर वर निमुळता होत गेलेला खांब, आणि खांबाच्या सर्व बाजूंनीं ठराविक अंतरावर बाहेर आलेले दगडी हात. या हातांवर तेलाच्या पणत्या ठेवावयाच्या. नवस फेडण्यासाठीं भाविक देवापुढें दीपमाळ उभारीत. जेजुरीचा गड चढणाऱ्यास अशा कितीतरी दीपमाळा वाटेंत भेटतात. गोमंतकांत मंगेशीच्या देवळापुढें सात मजल्यांचा दीपस्तंभ उभा आहे. कार्तिकांतील त्रिपुरी पौर्णिमेस या माळा उजळण्याचा प्रघात महाराष्ट्रांत जुना आहे.

असें झाड उजळावयाचें म्हणजे तीन गोष्टींची तजवीज लागते. पहिली, दिवे धरणारें खोड. दुसरी, दिव्यांना पुरणारें इंधन. तिसरी गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. ती म्हणजे क्रम. जेथें दगडी हातांवर पाय देऊन चढावें लागे, तेथें खालच्या पणत्या आधीं पेटविल्या तर वर जावयाचें कसें? शेंड्यापासून आरंभ करून एकेक थर खालीं उतरत येणें, हाच तेथें शहाणपणाचा मार्ग. इंधनाची काळजी तर त्याहून मोठी. देवापुढील नंदादीप अखंड जळावा म्हणून तेलाची तरतूद करून दिल्याचे उल्लेख मध्ययुगीन शिलालेखांतून वारंवार आढळतात. एका दिव्याच्या तेलासाठीं जर जमीन किंवा घाण्यावरचा हक्क लावून द्यावा लागे, तर शेंकडों पणत्यांची माळ वर्षांतून मोजक्याच रात्रीं कां उजळत असे, हें निराळें सांगावयास नको.

दिव्यांच्या झाडाची अशीच हौस दूर युरोपांतही वाढत होती. आपल्याकडे ज्या सणास पोर्तुगीज शब्दावरून नाताळ म्हणतात, त्या सणास सदाहरित झाड घरांत आणून शृंगारण्याची चाल जर्मनींत रुजली, आणि पुढें त्याच्या फांद्यांवर मेणबत्त्या लावण्यांत येऊं लागल्या. १८४८ सालीं व्हिक्टोरिया राणी व तिचा जर्मन पति आल्बर्ट यांचें अशा झाडाभोवतीं जमलेलें कुटुंब लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकानें छापलें, आणि ही चाल इंग्लंडांत घरोघर गेली. दगडाच्या झाडास दिव्याचें भय नसतें. लांकडाच्या झाडास असतें. वाळत चाललेल्या फांदीवर उघडी ज्योत ठेवावयाची, म्हणून मेणबत्त्या थोडाच वेळ जळूं देत आणि पाण्याची बादली जवळ ठेवीत.

या भयावर तोड निघाली ती न्यूयॉर्क येथें. १८८२ च्या सप्टेंबरांत एडिसननें त्या शहरांतील पर्ल स्ट्रीटवर वीजघर सुरू केलें. त्याच वर्षींच्या डिसेंबरांत त्याचा सहकारी एडवर्ड जॉन्सन यानें आपल्या घरच्या बैठकींत एक झाड उभें केलें आणि त्यावर तांबडे, पांढरे व निळे असे ८० विजेचे दिवे हातानें तारा जोडून लाविले. प्रत्येक दिवा अक्रोडाएवढा होता. झाड विजेच्याच शक्तीनें स्वतःभोवतीं फिरे, आणि फिरतां फिरतां दिवे मालवत व पुन्हा लागत. दोन वर्षांनीं त्यानें दिव्यांची संख्या १२० वर नेली. झाडाभोवतीं तांब्याच्या पट्ट्या बसविल्या होत्या. झाड फिरलें कीं एका पट्टीचा स्पर्श सुटे व दुसरीचा जुळे, आणि दिव्यांचा एक गट विझून दुसरा उजळे. दिवा लावण्याचा क्रम माणसाच्या हातून निघून यंत्राकडे गेल्याचें हें आरंभींचें उदाहरण होय. आणि तें घडलें कारखान्यांत नव्हे, तर एका हौशी गृहस्थाच्या राहत्या घरांत.

तांब्याच्या पट्टीची ही युक्ति पुढें फार दिवस टिकली. बंगालमधील चंदननगरच्या कारागिरांनीं जगद्धात्रीपूजेच्या रोषणाईसाठीं फिरत्या रुळावर धातूच्या पट्ट्या बसवून धांवणारे दिवे केले, आणि त्या गांवचें नांव रोषणाईसाठीं देशभर झालें. परंतु रुळाला एक मर्यादा होती. जितके गट, तितक्या तारा. प्रत्येक दिव्यास स्वतंत्रपणें चालवावयाचें म्हटलें, तर आठशें दिव्यांना आठशें निरनिराळ्या तारा ओढाव्या लागत्या. म्हणून दिवे नेहमीं गटागटानेंच उजळत. एकट्या दिव्याला स्वतःचें असें कांहीं सांगतां येत नसे.

ही अडचण दूर होण्यास दोन शोधांची वाट पाहावी लागली. पहिला शोध प्रकाशाचा. १९६२ सालीं निक होलोन्याक यानें डोळ्यांस दिसेल असा तांबडा प्रकाश देणारा अर्धवाहक दिवा तयार केला; त्यालाच आज एलईडी म्हणतात. हिरवाही मागाहून साधला, पण तेजस्वी निळा तीस वर्षें हुलकावण्या देत राहिला. इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा या तिघां संशोधकांनीं १९९० च्या सुमारास तो साध्य केला, आणि त्याबद्दल २०१४ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. तांबडा, हिरवा व निळा हे तीन एकत्र आले, म्हणजे त्यांच्या मिश्रणांतून हवा तो रंग काढतां येतो.

दुसरा शोध क्रमाचा. प्रत्येक दिव्याच्या पोटांत तिळाएवढी नियंत्रक चकती बसविली, आणि अशा दिव्याला पिक्सेल हें नांव पडलें. याची रीत पंगतींतल्या वाढपासारखी आहे. आरंभीच्या यंत्राकडून निरोपांची एक लांब मालिका निघते. पहिला दिवा मालिकेंतील पहिला निरोप स्वतःसाठीं ठेवून घेतो आणि उरलेली मालिका पुढें सरकवितो. दुसरा दिवा त्यांतील पहिला निरोप घेतो व बाकीची पुढें देतो. याप्रमाणें शेवटच्या पानापर्यंत ज्याचें त्याला पोंचतें. कोणाही दिव्यास आपला क्रमांक पाठ असावा लागत नाहीं. पंगतींतली त्याची जागा हाच त्याचा क्रमांक. निरोप ‘होय’ किंवा ‘नाहीं’ अशा २४ खुणांचा असतो, तिन्ही रंगांस आठ आठ. आठ खुणांत २५६ पायऱ्या बसतात, म्हणून एका दिव्यास १,६७,७७,२१६ रंगछटा सांगतां येतात. सेकंदास आठ लाख खुणा या वेगानें निरोप धांवत असल्यामुळें एका दिव्याचें काम सेकंदाच्या लक्षांशांपैकीं तीन अंशांत उरकतें.

नाताळाचें असें झाड घरीं करणारे हौशी लोक आज जगभर आहेत. खरें झाड लागतेंच असें नाहीं. मध्यें एक उंच खांब रोवतात, आणि त्याच्या शेंड्यापासून खालच्या गोल कड्यापर्यंत पन्नास पन्नास दिव्यांच्या सोळा माळा ताणून बांधतात. हे झाले आठशें दिवे. त्या सर्वांस एकेक निरोप देण्यास सेकंदाचा चाळिसावा भाग पुरेसा होतो, म्हणून डोळ्यास रंग वाहत असल्याचा भास होतो. निरोप पाठविण्याचें काम हाताच्या पंजाएवढी पाटी करते. इटलींतील इव्रेआ येथें २००५ सालीं विद्यार्थ्यांसाठीं निघालेल्या आर्डुइनो नांवाच्या पाटीनें हें काम घरगुती आवांक्यांत आणलें. खरें कष्ट आज्ञा लिहिण्यांत आहेत. कोणता दिवा जमिनीपासून किती उंचीवर व कोणत्या बाजूस आहे, हें यंत्राला ठाऊक नसतें. तें त्याला सांगावें लागतें. इंग्लंडांत राहणाऱ्या मॅट पार्कर या गणितज्ञानें २०२० सालीं आपल्या झाडावर ५०० दिवे वेडेवांकडे गुंडाळले, आणि एकेक दिवा लावून निरनिराळ्या बाजूंनीं त्यांचीं छायाचित्रें घेऊन प्रत्येकाचें स्थान गणितानें काढलें. दीपमाळ बांधणाऱ्या पाथरवटानें मोजून ठेविलेलें हातांचें अंतर, तेंच येथें आंकड्यांच्या रूपानें पुन्हा मोजावें लागलें.

इंधनाचा प्रश्नही सुटलेला नाहीं, केवळ त्याचें रूप पालटलें आहे. एक पिक्सेल पूर्ण शुभ्र पेटला तर सुमारें ६० मिलिअँपियर प्रवाह घेतो. आठशें दिव्यांस ४८ अँपियर होतात. पांच व्होल्टच्या दाबानें ही शक्ति २४० वॉट भरते. एवढा प्रवाह माळेच्या एकाच टोंकानें सोडला, तर पातळ तारेंत दाब उतरत जातो. निळ्या-हिरव्यास अधिक दाब लागत असल्यामुळें तेच आधीं मंदावतात, आणि पांढरी म्हणून लाविलेली माळ शेवटाकडे तांबूस दिसूं लागते. त्यावर उपाय एकच: माळेस मध्येंमध्यें आणि दुसऱ्या टोंकासही वीज पुरविणें. दीपमाळेच्या शेंड्यावरील पणतीत तेल घालण्यास माणसाला वर चढावें लागे, तें याच न्यायानें.

आणि ही वीज तरी येते कोठून? बीड जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानांत होता, आणि १९६० सालीं तो महाराष्ट्र राज्याचा भाग झाला. याच जिल्ह्यांत परळी येथें, वैजनाथाच्या ज्योतिर्लिंगाच्या गांवीं, १९७१ सालीं औष्णिक वीजकेंद्राचे प्रत्येकीं ३० मेगावॉटचे पहिले दोन संच चालूं झाले. पुढें तेथें कितीतरी मोठे संच उभे राहिले. कोळसा जाळून पाण्याची वाफ करावयाची आणि तिच्या जोरावर चक्रें फिरवावयाचीं, ही तेथील रीत. कोळसा आगगाडीनें आणतां येतो, परंतु पाणी गोदावरीच्या खोऱ्यांतच मिळावें लागतें. २०१३ च्या दुष्काळांत पाण्याअभावीं हें केंद्र बंद ठेवावें लागलें, आणि २०१५ सालीं पुन्हा तीच पाळी आली. कोळसा असून आणि यंत्रें धड असून पाण्यावांचून वीज थांबली. नंदादीपासाठीं जमीन लावून देणाऱ्यांस पाऊस न पडल्यास तेलही नाहीं हें ठाऊक होतें. परळीनें तीच गोष्ट निराळ्या शब्दांत सांगितली.

आज पिक्सेलचे दिवे नाताळापुरते राहिलेले नाहींत. गणेशोत्सवांतल्या कमानींवर आणि लग्नमंडपांच्या दारांवरही तेच झळकतात. पंगतीचा क्रम आतां इतका सोपा झाला आहे कीं शाळकरी मुलगाही तो शिकूं शकतो, आणि त्यानें तो अवश्य शिकावा. मात्र बीडच्या टेकडीवरील दोन दीपमाळा त्याला उरलेला अर्धा धडा देतील. त्यांचीं खोडें अजून ताठ आहेत, आणि एका बाहेर एक आलेले त्यांचे हातही सांगण्यापुरते क्रमानेंच आहेत. त्यांना लागतें तें थोडें तेल, आणि तें घेऊन वर चढणारा एक माणूस.