मातीतली राखण

पेरणीआधी हरभऱ्याच्या बियाण्याला आपण स्युडोमोनासची पांढरी भुकटी चोळतो ना, तिची गोष्ट गव्हाच्या शेतात सुरू झाली.

गव्हाच्या एका रोगाला ऑस्ट्रेलियातल्या शेतकऱ्यांनीच नाव दिलं ‘टेक-ऑल’, म्हणजे सगळं घेऊन जाणारा. बुरशीनं मुळं काळी पडून कुजतात, ओंब्या पांढऱ्या नि पोचट राहतात. पण त्याच शेतात वर्षानुवर्षं गहूच घेतला, की रोग आधी वाढायचा आणि मग आपोआप ओसरायचा. बुरशी मातीत असूनही! मधल्या वर्षांचं नुकसान मात्र शेतकऱ्याच्या घरानंच सोसायचं.

जेम्स कुक आणि आल्बर्ट रोविरा या शास्त्रज्ञांनी रोग ओसरलेल्या शेतातली थोडी माती रोगट मातीत मिसळली. रोग घटला. तीच माती अर्धा तास ६० अंशांवर तापवून मिसळली, तर गुण गेला. म्हणजे राखण करणारं काहीतरी जिवंत होतं. हे त्यांनी १९७६ साली मांडलं. त्यात मुख्य निघाले मुळांवर राहणारे स्युडोमोनास जिवाणू. ते बुरशीला मारक द्रव्य सोडतात, शिवाय तिच्या वाट्याचं लोहही पळवतात.

१९९५ साली तमिळनाडूतल्या शास्त्रज्ञांनी हे जिवाणू शंखजिऱ्याच्या भुकटीत टिकवून हरभऱ्याच्या मर रोगावर वापरून दाखवले. आता तितकी वर्षं थांबायला नको. फक्त भुकटीत जीव आहे, तेव्हा चोळलेलं बियाणं सावलीतच सुकवा, आणि पिशवीवरची तारीख दुकानातच वाचून घ्या.