शपथ आणि सोबत

धर्मग्रामात काम करताना एक प्रसंग वारंवार येतो. एखादी माउली नवऱ्याला घेऊन दारी येते आणि विनवते, "फादर, ह्यांना वेदीपुढे शपथ द्या, म्हणजे दारू सुटेल." मीही अशा शपथा दिल्या आहेत. काही टिकल्या, पुष्कळ मोडल्या. मोडणाऱ्याला आपण चटकन 'मनाचा दुबळा' ठरवतो. परंतु व्यसनमुक्ती हे केवळ मनोबलाचे काम आहे, की त्याला सोबतीचीही गरज असते? या प्रश्नावर इतिहास पुष्कळ काही शिकवतो.

आयर्लंडमधील कॉर्क शहरात १० एप्रिल १८३८ रोजी थिओबाल्ड मॅथ्यू या कापुचिन धर्मगुरूंनी संपूर्ण मद्यत्यागाच्या प्रतिज्ञेवर सही केली. थोड्याच वर्षांत त्यांच्यापुढे शपथ घेणाऱ्यांची संख्या लाखांच्या घरात गेली आणि देशातील मद्याचा खप झपाट्याने घटला. गावोगावी मंडळे व वाचनालयेही निघाली. तरीही चळवळीचा मुख्य आधार फादरांचे व्यक्तिमत्त्व हाच राहिला. १८४५ पासून भीषण दुष्काळ पडला, फादर कर्जात बुडाले, त्यांची प्रकृती ढासळली. १८५६ साली त्यांचे निधन झाले तेव्हा चळवळीला ओहोटी लागली होती.

त्याच वर्षी डब्लिनमध्ये मॅट टॅलबट जन्माला आला. बाराव्या वर्षी तो मद्यव्यापाऱ्याकडे कामाला लागला आणि तिथेच व्यसन जडले. १८८४ साली एकदा खिसा रिकामा असताना, ज्यांना त्याने आजवर पाजले होते त्यांपैकी एकानेही त्याला पेला देऊ केला नाही. त्या दुःखात त्याने तीन महिन्यांची शपथ घेतली. पुढे मुदत वाढवत ती आजन्म केली. १९२५ साली मिस्सेला जाताना रस्त्यात कोसळून मरण येईपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षे, त्याने ती पाळली. १९७५ साली पोप पौल सहावे यांनी त्याला 'वंदनीय' घोषित केले. मॅटचे नाव मनोबलाचा आदर्श म्हणून घेतले जाते आणि ते योग्यच आहे. मात्र त्याने गुत्त्याची रिकामी जागा रोजच्या मिस्सेने भरली आणि फ्रान्सिस्कन तृतीय संघात प्रवेश केला, हे आपण विसरतो. तो एकटा राहत असेल, एकाकी नव्हता.

तिसरी घटना अमेरिकेतील ॲक्रन शहरातील. १९३५ च्या मे महिन्यात बिल विल्सन हा शेअर बाजारातील गृहस्थ तेथे आला होता. दारू सोडून त्याला जेमतेम पाच महिने झाले होते. धंद्यात अपयश आले आणि पावले पुन्हा मद्याकडे वळू लागली. तेव्हा त्याने चर्चच्या यादीवरून फोन करून दुसऱ्या एका व्यसनग्रस्ताचा शोध घेतला. ते होते शल्यविशारद डॉ. बॉब स्मिथ. बिलने उपदेश केला नाही. आपली कहाणी सांगितली. त्यातून 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' जन्मास आली. तिचा स्थापनादिन १० जून १९३५ मानला जातो. ही संघटना कोणत्याही एका धर्माची नाही. तरी १९३९ साली ॲक्रनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात सिस्टर इग्नेशिया यांनी अशा रुग्णांना आसरा दिला, आणि येशूसंघीय फादर एडवर्ड डाउलिंग यांना तिच्या बारा पायऱ्यांत संत इग्नेशियसच्या आध्यात्मिक साधनेशी साम्य आढळले. आपल्याकडे १९८१ साली फादर ज्यो परेरा यांनी वांद्र्यात कृपा फाउंडेशनची स्थापना केली.

या संघटनेची पहिली पायरी म्हणजे दारूपुढे आपण हतबल आहोत ही कबुली. पण सदस्य होण्यासाठी अट एकच, दारू सोडण्याची स्वतःची इच्छा. म्हणजे इच्छा ज्याची त्याने आणायची असते. ती टिकवण्याचे बळ सोबतीत मिळते. २०२० साली सत्तावीस अभ्यासांचा एकत्र आढावा घेण्यात आला. मद्यापासून सलग दूर राहण्याच्या बाबतीत, या गटांकडे पद्धतशीरपणे नेणारे उपचार इतर प्रस्थापित उपचारांहून सरस ठरतात, असे त्यात दिसून आले.

आजही कोणी आले तर मी शपथ नाकारत नाही. पण त्यासोबत जवळच्या सभेचा वार आणि वेळ सांगतो, आणि पहिल्या दिवशी बरोबर कोण जाणार हेही विचारतो. शपथ एका दिवसाची असते, मोहाची संध्याकाळ मात्र रोज येते. त्या संध्याकाळी आपल्या शेजाऱ्याच्या दारावर थाप मारणारा कोणी आपल्या धर्मग्रामात आहे काय, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबाने स्वतःला विचारावा.