चाकांवरची मानवंदना

दरवर्षी स्मरणिकेसाठी लेख द्या असा निरोप येतो आणि दरवर्षी मी ड्यूटीचे कारण सांगून निसटतो. यंदा मात्र मंडळाच्या कार्यकारिणीने विषयच ठरवून दिला. 'तुमच्या त्या सायकल फेरीबद्दल लिहा,' म्हणाले. मी रेल्वेतला माणूस. डिप्लोमा करून रुळांच्या नोकरीला लागलो, तेव्हापासून लिखाण म्हणजे फक्त तपासणी अहवाल. तेव्हा भाषेच्या चुका वाचकांनी पोटात घालाव्यात.

आमच्या फेरीची सुरुवात अगदी साधी झाली. कॉलनीतल्या मुलांनी डोंगरातून चालवायच्या, जाड टायरच्या गियरवाल्या सायकली घेतल्या आणि रविवारी टेकड्यांच्या कच्च्या वाटांवर जाऊ लागली. एकाने सुचवले की नुसते भटकण्यापेक्षा २६ जुलैच्या कारगिल विजय दिनाच्या आधीच्या रविवारी सैनिकांच्या स्मरणार्थ फेरी काढू. प्रत्येकी २०० रुपये वर्गणी ठेवू आणि जमेल ती रक्कम डिसेंबरात सशस्त्र सेना ध्वज दिन निधीला देऊ. ७ डिसेंबरचा हा ध्वज दिन १९४९ पासून पाळला जातो. शहिदांची कुटुंबे, जखमी जवान आणि माजी सैनिक यांच्यासाठी हा पैसा लागतो. शाळेत असताना आपण सर्वांनीच तो छोटा कागदी झेंडा छातीला लावला आहे.

मुलांनी मलाही ओढले. माझ्याकडे गियरची सायकल नाही. वडिलांची काळी, दांड्याची सायकल आहे. तिच्यावरूनच ते आयुष्यभर कारखान्यात गेले. जुन्या मंडळींना आठवत असेल, भोंगा झाला की आपल्या कांचघरच्या रस्त्यावर सायकलींचा पूर यायचा. हँडलला डबा, कॅरियरला छत्री, आणि घंट्यांच्या आवाजात बायकोची हाकही ऐकू येऊ नये. १९९९ च्या उन्हाळ्यात मी डिप्लोमाचा विद्यार्थी होतो. वडील उशिरा घरी यायचे, सायकल भिंतीला टेकवून आधी रेडिओ लावायचे आणि मग हातपाय धुवायचे. 'वर पोरं लढताहेत, आपलं काम वेळेवर पोचलं पाहिजे,' एवढेच म्हणायचे.

जबलपूर आणि सैन्य यांचे नाते रुळांवरून आले, हे सांगताना मला थोडा अभिमान वाटतो. १८७० साली मुंबईकडून आलेली आणि कलकत्त्याकडून आलेली लोहमार्गाची टोके याच शहरात जुळली. देशाच्या मध्यावर, समुद्रापासून दूर आणि दोन्ही बाजूंना रेल्वे, असे ठिकाण इंग्रजांना सोयीचे वाटले. १९०४ मध्ये तोफगाडा कारखाना उभा राहिला. दुसऱ्या महायुद्धात खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना आला आणि १९६९ मध्ये वाहन कारखाना. आपल्यापैकी अनेकांचे आजोबा-पणजोबा नागपूर, वऱ्हाड, खानदेशातून इथे आले ते या कारखान्यांच्या नाहीतर रेल्वेच्या नोकरीसाठी. २०२१ साली ऑक्टोबरात या कारखान्यांच्या कंपन्या झाल्या, पण आपण अजून जुन्याच नावांनी पत्ता सांगतो.

आमच्या फेरीचा पहिला थांबा मालगोदाम चौक. माझ्या रोजच्या वाटेवरचा. इथे राजा शंकर शाह आणि कुंवर रघुनाथ शाह या गोंड पितापुत्रांचे पुतळे आहेत. छावणीतल्या ५२ व्या पलटणीच्या शिपायांशी मिळून उठावाचा बेत केल्याच्या आरोपावरून १८ सप्टेंबर १८५७ रोजी इंग्रजांनी दोघांना तोफेच्या तोंडी दिले. जरब बसावी हा हेतू. झाले उलटेच. त्याच रात्री ती पलटण छावणी सोडून निघून गेली.

दुसरा थांबा सदर, म्हणजे छावणी. इथे ग्रेनेडियर्स आणि जम्मू-काश्मीर रायफल्स या दोन्ही रेजिमेंटांची केंद्रे आहेत. ग्रेनेडियर्सचे मूळ जुन्या मुंबई लष्करात आहे, म्हणजे आपल्या मुलखाशी त्यांचे जुने नाते. कारगिलच्या युद्धात चार परमवीर चक्रे दिली गेली. त्यातली तीन या दोन रेजिमेंटांची आहेत. ग्रेनेडियर योगेंद्रसिंह यादव यांनी टायगर हिलवर, तर रायफलमन संजय कुमार आणि कॅप्टन विक्रम बत्रा यांनी मश्कोह खोऱ्यात पराक्रम केला. बत्रा ७ जुलै १९९९ रोजी कामी आले. त्याआधी १९६५ मध्ये खेमकरणजवळ जीपवरच्या तोफेने पाकिस्तानी रणगाडे उडवणारे अब्दुल हमीद आणि १९७१ चे मेजर होशियारसिंह हेही ग्रेनेडियर्सच. आणि ज्या पदकासाठी ही नावे घेतली जातात, त्या परमवीर चक्राची रचना सावित्रीबाई खानोलकरांची. जन्माने युरोपीय, पण विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून त्या इथल्याच झाल्या. हे सांगितले की मुले थोडा वेळ तरी मोबाईल खिशात ठेवतात.

पहिल्या वर्षी फेरी इथेच संपायची होती. घोषणा झाल्या, फोटो झाले आणि परतताना आम्ही शहरातून, टिळकभूमी की तलैया या मैदानावरून निघालो. पाऊस सुरू झाला म्हणून एका चहाच्या टपरीखाली थांबलो. तिथे एक निवृत्त कामगार बसले होते, ऐंशीच्या पुढचे. आमच्या टी-शर्टवरचे 'शहीद स्मरण' वाचून त्यांनी हिंदीत विचारले, 'बेटा, सबको याद करके आए, यहाँ वालों को किया?' आम्ही एकमेकांकडे पाहिले. मला काहीच माहीत नव्हते. चाळिशीतला माणूस, जन्म इथला, शिक्षण इथले, आणि रोज ज्या मैदानावरून जातो त्याची गोष्ट ठाऊक नाही. घरी येऊन वाचू लागलो.

गोष्ट अशी. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईला नौसैनिकांचा उठाव झाला. त्याची झळ विझते न विझते तोच, २७ फेब्रुवारीला जबलपूरच्या सिग्नल प्रशिक्षण केंद्रातले जवान काम सोडून मिरवणुकीने बाहेर पडले. हातात काँग्रेसचे आणि मुस्लिम लीगचे, दोन्ही झेंडे. ही मंडळी इथेच, लोकमान्यांचे नाव मिरवणाऱ्या या तलैयावर जमली आणि त्यांनी भाषणे केली. पुढच्या दिवसांत हा आकडा सुमारे १७०० वर गेला. तार-वायरलेस शिकलेली, वर्तमानपत्र वाचणारी ही मुले. मागण्या काय होत्या? गोऱ्या सैनिकांसारखी वागणूक आणि पगार, खाण्यालायक जेवण, आणि आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची सुटका.

आता या शेवटच्या मागणीत सायकल कशी येते पाहा. डिसेंबर १९४१ मध्ये जपानी फौज मलायात उतरली आणि हजारो सायकलींवरून रबराच्या मळ्यांतून दक्षिणेला धावली. टायर फाटले तर नुसत्या रिमवर चालवायचे. रात्री तो खडखडाट ऐकून समोरच्यांना रणगाडे आल्याचा भास व्हायचा, असे सांगतात. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडले आणि हजारो हिंदी सैनिक कैदी झाले. त्यांच्यातूनच आझाद हिंद सेना उभी राहिली, आणि १९४३ मध्ये तिचे नेतृत्व आले नेताजींकडे, जे १९३९ साली आपल्या शेजारच्या त्रिपुरीच्या अधिवेशनाचे अध्यक्ष होते. १९४५ च्या अखेरीस लाल किल्ल्यात या सैनिकांवर खटला उभा राहिला तेव्हा देश पेटला. त्याची ठिणगी जबलपूरच्या बरॅकमध्येही पडली.

उठाव काही दिवसांतच मोडला गेला. काहींना बायोनेटच्या जखमा झाल्या. पुष्कळांना कोर्टमार्शल, तुरुंग आणि निवृत्तिवेतनाविना घरी पाठवणी मिळाली. त्यांना ना पदक, ना पेन्शन. गावी जाऊन त्यांनी काय सांगितले असेल?

पुढच्या वर्षी मी तलैयाचा थांबा सुचवला आणि बैठकीत चांगलीच जुंपली. आमच्यात एक माजी सैनिक आहेत, आता रेल्वेतलेच सहकारी. ते स्पष्ट म्हणाले, 'शिस्त मोडणाऱ्याला मी सलाम करणार नाही. आज त्यांना केला तर उद्या कोणाला?' त्यांचे म्हणणे मला खोटे वाटले नाही. रेल्वेत लाल सिग्नल म्हणजे लाल. आपल्या मनाला पटत नाही म्हणून कोणी तो ओलांडला तर गाडीभर माणसे जातील. पण मालगोदाम चौकात आपण ज्या ५२ व्या पलटणीची गोष्ट कौतुकाने सांगतो, तिनेही हुकूमच मोडला होता. नव्वद वर्षांनी जुने झाले की ते शौर्य, आणि अगदी अलीकडचे असले की बेशिस्त, असे कसे? परक्या सरकारचा हुकूम आणि आपल्या देशाचा हुकूम यांत फरक आहे, एवढे तरी मुलांना समजले पाहिजे.

शेवटी तोडगा निघाला. तलैयावर सलामी नाही, घोषणा नाही, फोटोही नाही. फक्त सायकलवरून उतरायचे, हेल्मेट काढायचे आणि दोन मिनिटे उभे राहायचे. आमचे माजी सैनिक त्या वेळी रांगेत येत नाहीत. ते रस्त्याकडेला सर्वांच्या सायकली सांभाळत उभे राहतात. आजही. मात्र एकही वर्ष ते फेरीला चुकलेले नाहीत, आणि ध्वज दिनाच्या पाकिटात सर्वांत आधी त्यांचेच पैसे येतात.

१८९३ पासून लोकमान्यांनी गणपतीला सार्वजनिक रूप दिले ते लोकांनी एकत्र यावे, आपल्या इतिहासाबद्दल बोलावे, वादही घालावा म्हणूनच ना? आपल्या मांडवात दरवर्षी गायन, नाट्यछटा, पाककृती स्पर्धा होते. एक संध्याकाळ या शहराच्या गोष्टींसाठीही राखावी, अशी कार्यकारिणीला नम्र सूचना. आणि पुढच्या जुलैत घरात पडून असलेली जुनी सायकल काढा, हवा भरा आणि आमच्याबरोबर या. गियर नसले तरी चालते. चढावर उतरून ढकलायची, मीही तेच करतो.

गणपती बाप्पा मोरया!