पिकअपची सायलेन्सर लाइन : फेरबदल आणि परिणाम (नंदुरबार जिल्हा)

पिकअपच्या इंजिनातून जळालेले वायू बाहेर नेणाऱ्या नळ्या, शुद्धीकरणाची उपकरणे आणि आवाज दाबणारी पेटी यांना मिळून निष्कास यंत्रणा म्हणतात. गॅरेजात तिला सायलेन्सर लाइन म्हणतात. गाडी चढावर ‘ओढत नाही’ म्हणून या लाइनची पेटी काढणे, नळी रुंद करणे किंवा धूर गाळणारे भाग कापून टाकणे हे फेरबदल केले जातात. टर्बो असलेल्या डिझेल पिकअपमध्ये असा फेरबदल ताकदीत नाममात्र भर घालतो. आवाज, धूर आणि दंड मात्र नक्की वाढवतो. लाइन खरोखर तुंबलेली किंवा फुटलेली असेल, तर ती मूळ स्थितीत आणल्याने गाडीला मोठा फरक पडतो.

प्रादेशिक पार्श्वभूमी. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा व अक्राणी (धडगाव) हे सहा तालुके आहेत. तापीकाठच्या सपाटीवरची मिरची, कापूस, केळी, पपई आणि सातपुड्यातला आमचूर, मोहफुले बाजारापर्यंत आणण्यात पिकअपचा वाटा मोठा आहे. तळोदा-धडगाव रस्त्यावरचा चांदसैली घाट, अक्कलकुवा-मोलगी रस्त्यावरचा देवगोई घाट, तोरणमाळची चढण आणि सुरत-धुळे महामार्गावरचा कोंडाईबारी घाट येथे भरलेल्या गाडीचा कस लागतो. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,१४३ मीटर उंच आहे. तेथे हवेची घनता समुद्रसपाटीपेक्षा साधारण दहा-अकरा टक्के कमी असते, त्यामुळे बिनटर्बो इंजिनाचा दम वर जाताना आपोआप कमी होतो. टर्बो ही तूट बरीचशी भरून काढतो. गाडीत दोष नसतानाही ती सपाटीपेक्षा जड चालते, आणि मग संशय सायलेन्सरवर जातो.

रचना. इंजिनाच्या डोक्याला बोल्टने आवळलेल्या मॅनिफोल्डमध्ये सगळ्या सिलिंडरांचा धूर एकत्र येतो. तेथून तो टर्बोच्या चक्रावर आदळतो. हे चक्र दुसऱ्या बाजूचा पंखा फिरवते आणि तो पंखा इंजिनात हवा दाबून भरतो. टर्बोनंतर लवचीक जोड, शुद्धीकरणाची उपकरणे, सायलेन्सरची पेटी आणि शेपटीची नळी असा क्रम असतो. सगळी लाइन रबरी हँगरांवर लटकते, त्यामुळे खडबडीत रस्त्याचे हादरे नळीला थेट बसत नाहीत.

गाडी कोणत्या काळातली आहे यावर शुद्धीकरणाची उपकरणे ठरतात. बीएस-४ मानके १ एप्रिल २०१७ पासून आणि बीएस-६ मानके १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाली. बीएस-६ साठी डिझेलमधील गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांत ५० वरून १० भागांवर आली. या पिढीच्या डिझेल गाड्यांत ऑक्सिडेशन कॅटलिस्ट आणि काजळी अडकवणारा डीपीएफ असतो. काही गाड्यांत नायट्रोजनची ऑक्साइडे कमी करण्यासाठी ३२.५ टक्के युरियाचे द्रावण फवारणारी यंत्रणाही असते. डीपीएफच्या पुढचा-मागचा दाब आणि तापमान सेन्सर मोजतात आणि त्यावर इंजिनाचा संगणक डिझेलचे प्रमाण ठरवतो. म्हणून या गाडीची सायलेन्सर लाइन इंजिनाच्या नियंत्रणाचाच भाग आहे.

फेरबदलांचे प्रकार. सगळ्यात सोपा प्रकार म्हणजे पेटी कापून तेथे सरळ नळी वेल्ड करणे. दुसरा म्हणजे टर्बोपासून शेपटीपर्यंत जाड व्यासाची नळी टाकणे. तिसरा म्हणजे कॅटलिस्ट किंवा डीपीएफचे आतले जाळे फोडून नुसती टाकी ठेवणे. चौथ्यात ईजीआर, म्हणजे धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात फिरवणारी वाट, पत्र्याने बंद करतात. जोडीला संगणकाचे मॅपिंग बदलून किंवा जुन्या गाडीचा पंप खोलून डिझेल वाढवले जाते. फेरबदलानंतर ‘गाडी उचलते’ असा अनुभव येतो तो बहुतेक या शेवटच्या कामामुळे; श्रेय मात्र नळीला मिळते.

शक्तीवर परिणाम. धूर बाहेर ढकलताना इंजिनाला जो विरोध होतो त्याला मागचा दाब म्हणतात. तो कमी झाला की धूर ढकलण्यावर खर्च होणारी शक्ती वाचते. ही बचत मोजता येते. सुमारे २.५ लिटरच्या, ७५ अश्वशक्तीच्या चार सिलिंडरी पिकअपमध्ये मिनिटाला ३,२०० फेऱ्यांवर मागचा दाब १० किलोपास्कलने कमी झाला असे धरू. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा धूर टाकतो. त्यामुळे दर सेकंदाला सुमारे ६७ लिटर आकारमान त्या दाबाविरुद्ध ढकलले जाते आणि बचत होते सुमारे ६७० वॅट, म्हणजे जेमतेम ०.९ अश्वशक्ती. टर्बोचे चक्र मोकळे झाल्याचा फायदा जमेस धरून हा आकडा दुप्पट केला, तरी तो दोन अश्वशक्तींच्या आतच राहतो.

घाटात तर एवढेही हाती लागत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन १,८०० फेऱ्यांच्या आसपास असते. धुराचा प्रवाह कमी झाला की नळीतला विरोध त्याच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. ३,२०० फेऱ्यांवर जो विरोध १० किलोपास्कल होता, तो येथे साधारण ३ वर येतो आणि बचत पाव अश्वशक्तीच्याही खाली जाते. मोकळ्या नळीचा जो काही लाभ आहे तो जास्त फेऱ्यांवर मिळतो, आणि भरलेली पिकअप घाट कमी फेऱ्यांवर चढते.

चढाला लागणारी शक्ती यासोबत ठेवून पाहावी. एकूण ३ टन वजनाची गाडी आठ टक्के चढावर ताशी २० किलोमीटर वेगाने नेण्यासाठी चाकांवर सुमारे २१ अश्वशक्ती लागते. ताशी ४० वेगाला ४२. म्हणजे वेग आणि वजन हेच निर्णायक आहेत. ७५ पैकी एक अश्वशक्ती वाढणे म्हणजे ३ टनांच्या गाडीतून ४० किलो वजन उतरवणे. मिरचीचे एक पोते कमी भरले तर सायलेन्सर न कापता तेच साधते.

टर्बो नसलेल्या लहान गाड्यांतही हिशेब फारसा वेगळा नाही. २००५ मध्ये आलेल्या टाटा एसचे, म्हणजे ‘छोटा हत्ती’चे, मूळ डिझेल इंजिन ७०२ घनसेंटिमीटरचे आणि १६ अश्वशक्तीचे होते. तेवढाच दाब कमी केला तर त्यात पाव अश्वशक्ती वाचते. ठरावीक लांबीच्या नळ्यांनी धुराच्या लाटा जुळवून सिलिंडर अधिक रिकामा करण्याचे तंत्र वेगवान पेट्रोल इंजिनांत उपयोगी पडते. टर्बोचे चक्र वाटेत असल्याने डिझेल पिकअपमध्ये शेपटीकडची लांबी बदलून तो लाभ मिळत नाही.

डिझेल, उष्णता व इंजिनाचे आयुष्य. डिझेल इंजिनाची ताकद जाळलेल्या डिझेलावर ठरते, आणि डिझेल पूर्ण जळायला पुरेशी हवा लागते. हवा न वाढवता डिझेल वाढवले की जास्तीचे डिझेल काजळी होऊन बाहेर पडते. शेपटीतून निघणारा काळा धूर म्हणजे पैसे देऊन भरलेले आणि कामाला न आलेले इंधन. धुराचे तापमानही वाढते. लांब चढावर त्याने टर्बोचे चक्र, मॅनिफोल्ड आणि पिस्टनचा माथा भाजून निघतो. बीएस-६ गाडीत सेन्सरांची मापे जुळली नाहीत की दिवा लागतो आणि संगणक शक्ती मुद्दाम कमी करतो. घाटाच्या मधोमध हे घडले तर भरलेली गाडी अडकून पडते.

ध्वनी. १० डेसिबल वाढ म्हणजे ध्वनिऊर्जा दहापट. कानाला तो आवाज साधारण दुप्पट वाटतो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. शाळा व रुग्णालयांभोवती १०० मीटरचे शांतता क्षेत्र घोषित करता येते आणि तेथे ती ५० व ४० आहे. घाटरस्त्यांवरच्या आश्रमशाळांसमोरून पहाटे बाजाराला निघालेली उघड्या नळीची पिकअप ही मर्यादा सहज ओलांडते. शिवाय चालकाच्या कानाशी तो घोंगाट तासन्‌तास असतो. मागून दिलेला हॉर्न आणि चाकातल्या बिघाडाचा आवाज त्यात बुडून जातात.

धूर व आरोग्य. डिझेलचा धूर मानवात कर्करोग निर्माण करतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये जाहीर केले. डीपीएफ काढल्यावर बारीक काजळी थेट हवेत जाते. ईजीआर बंद केल्यावर नायट्रोजनची ऑक्साइडे वाढतात. सातपुड्यात मालाच्या हौद्यात माणसे बसवून नेली जातात. ते बेकायदा आहेच, पण शेपटी कापून नळी हौद्याखालीच सोडलेली असली तर ताडपत्रीखाली धूर कोंडतो आणि त्यातला कार्बन मोनॉक्साइड वासाशिवाय माणसाला बेशुद्ध करतो. मजुरांच्या जिवाशी थेट संबंध असलेला हा सगळ्यात गंभीर परिणाम आहे.

आगीचा धोकाही आहे. सुटा कापूस, वाळलेला चारा किंवा उन्हाळ्यातले कोरडे गवत तापलेल्या उघड्या नळीला लागले तर पेट घेते. डीपीएफमधली काजळी जाळताना आतले तापमान ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते; अशा वेळी गाडी गवतावर उभी करू नये.

कायदा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ वैशिष्ट्यांपासून फारकत घेणारा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच अधोरेखित केले. २०१९ च्या सुधारणेने आलेल्या कलम १८२-अ नुसार बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. ध्वनी व वायू प्रदूषणाच्या मानकांचा भंग केल्यास कलम १९० खाली पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२० ने प्रत्येक वाहनाला सायलेन्सर बंधनकारक आहे. नियम ११३ नुसार धुराची नळी इंधनाच्या नळीपासून ३५ मिलिमीटरच्या आत नसावी. गल्लीतल्या वेल्डिंगमध्ये हे अंतर हमखास विसरले जाते. पीयूसी तपासणीत डिझेल गाडीच्या धुराची अपारदर्शकता मोजतात. एमएच-३९ क्रमांकाची मालवाहू गाडी पासिंगला गेली की लाइनमधले बदल तेथे अडतात.

तपासणी व योग्य दुरुस्ती. गाडी दम तोडत असेल तर आधी एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, टर्बोचे पाइप, क्लच आणि टायरमधली हवा पाहावी. त्यानंतर लाइनकडे वळावे. मॅनिफोल्ड आणि टर्बो यांच्या जोडावर काजळीची काळी रेघ उमटलेली असेल आणि थंड इंजिन सुरू करताच तेथून ‘फुस्‌फुस’ ऐकू येत असेल, तर गॅस्केट गेले आहे. टर्बो फिरवणारा धूर वाटेतच गळतो, म्हणून ही छोटी गळती मोठी ताकद खाते. पेटीवर हाताने थापटल्यावर आतला पत्रा खुळखुळला, तर पडदा सुटून वाट अडवत असण्याचा संभव असतो. अशी चाचणी गाडी पूर्ण थंड असतानाच करावी. दगडावर आपटून चेपलेली नळी आणि पूर्वी कोणी बसवलेला कमी व्यासाचा तुकडा हीही तुंबण्याची कारणे आहेत. खात्री करायची तर कॅटलिस्टच्या आधी दाबमापी लावून वाचन घ्यावे. डीपीएफ भरला असेल तर स्कॅनर लावून काजळी जाळता येते. राख साठली असल्यास तो उतरवून साफ करावा लागतो.

मूळ व्यासाची नळी, नवे गॅस्केट, शाबूत हँगर आणि मान्यताप्राप्त पेटी यांवर केलेला खर्च चढावर परत मिळतो. वजन मर्यादेत ठेवून, योग्य वेळी गिअर उतरवून आणि फिल्टर वेळेवर बदलून चालवलेली पिकअप चांदसैली घाट चढते, आणि त्यासाठी तिचा सायलेन्सर कापावा लागत नाही.