ठराव झाला, तरतुदीचे काय? महाड ते हिंगोली जिल्हा परिषद

14 एप्रिल आला की हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढा नागनाथ या पाचही तालुक्यांत निळे झेंडे लागतात. मिरवणुकीत आम्हीही असतो. पण त्याच्या काही आठवडे आधी, मार्च महिन्यात, जिल्हा परिषदेचा अर्थसंकल्प मंजूर होतो. त्या दिवशी आम्ही कुठे असतो? हा प्रश्न आम्ही आधी स्वतःलाच विचारतो आहोत.

बाबासाहेबांचा अभ्यास सुरू झाला तोच सरकारी जमाखर्चापासून. 1915 साली कोलंबिया विद्यापीठात एम.ए.साठी त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि अर्थव्यवस्था हा विषय घेतला. 1925 साली ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. कर कोण गोळा करतो, खर्च कोण ठरवतो आणि जाब कोणाला द्यावा लागतो, हे प्रश्न त्यांनी तारुण्यातच हाती घेतले होते. मुंबई विधिमंडळात गेल्यावर 24 फेब्रुवारी 1927 रोजी ते बोलले ते अर्थसंकल्पावर. त्यानंतर महिनाभराच्या आतच, 20 मार्चला, त्यांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. या दोन तारखा आम्ही एकत्र वाचत नाही. वाचायला हव्यात.

कारण महाडचा लढा हा एका स्थानिक संस्थेच्या कारभाराचाही लढा होता. 1923 साली सीताराम केशव बोले यांचा सार्वजनिक पाणवठ्यांचा ठराव विधिमंडळात मंजूर झाला. 1924 साली महाड नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचा ठराव केला. पण तीन वर्षे तो कागदावरच राहिला. आपली माणसे तळ्यावर गेली, तेव्हा 4 ऑगस्ट 1927 रोजी त्याच नगरपालिकेने तो ठराव रद्द करून टाकला! न्यायालयातला निकाल पक्का व्हायला मार्च 1937 उजाडला. कागदावर दिलेला हक्क कागदावरूनच काढून घेता येतो, हा महाडचा धडा आहे.

म्हणूनच 1932 साली ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी राखीव प्रतिनिधित्वाचा आग्रह धरला. 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत त्यांनी गावगाड्याचे गोडवे गाणाऱ्यांना फटकारले. सत्ता गावापर्यंत न्यायची तर त्या सत्तेत अस्पृश्यांचा वाटा आधी ठरवा, हा त्यांच्या भूमिकेचा गाभा होता.

1 मे 1962 रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या. तेव्हा हिंगोलीचा भाग परभणी जिल्ह्यात होता. 1993 साली 73 वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि अनुसूचित जातींना लोकसंख्येच्या प्रमाणात राखीव जागा हा संविधानिक हक्क झाला. 1 मे 1999 रोजी हिंगोली स्वतंत्र जिल्हा झाला. 2011 च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या 11 लाख 77 हजार आहे आणि त्यात अनुसूचित जातींचा वाटा सुमारे 15 टक्के आहे.

म्हणजे खुर्ची मिळाली. पण पैसा कसा फिरतो ते पाहा. जिल्हा परिषदेचे स्वतःचे उत्पन्न म्हणजे जमीन महसुलावरचा उपकर, मुद्रांक शुल्काचा वाटा, ठेवींवरचे व्याज, गाळ्यांचे भाडे. यालाच बोलीभाषेत सेस म्हणतात. या सेसमधला 20 टक्के पैसा मागासवर्गीयांच्या कल्याणावर खर्च करणे बंधनकारक आहे. दलित वस्तीच्या रस्त्या-नाल्यांचा निधी शासनाकडून वेगळा येतो. त्याचा प्रस्ताव ग्रामपंचायतीतून पंचायत समितीकडे आणि तिथून समाजकल्याण विभागाकडे जातो. मग प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, काम, मोजमाप पुस्तिका, बिल आणि शेवटी उपयोगिता प्रमाणपत्र. यातली एक पायरी अडली की वस्तीतला नाला तसाच वाहत राहतो. त्यासाठी कोणाला जातीवाचक शिवी द्यावी लागत नाही, फाईल टेबलावर पडून राहिली तरी पुरते. आजच्या जातीयवादाला आवाज नसतो, तो अखर्चित निधीच्या रकान्यात सापडतो.

काही कार्यकर्ते म्हणतील, "ही तर कारकुनी कामे, चळवळीचे काम रस्त्यावरचे." आम्हाला हे मान्य नाही. मोर्चा मागणी मांडतो, पण ती मागणी कोणत्या लेखाशीर्षाखाली किती रुपयांची झाली हे वाचणारा कोणी नसेल तर मोर्चा घरी परततो आणि पैसा दुसरीकडे वळतो.

त्यात मार्च 2022 मध्ये हिंगोलीसह राज्यातल्या अनेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि प्रशासकराज आले. 2023, 2024 आणि 2025 या तिन्ही वर्षांचे अर्थसंकल्प लोकांनी निवडलेल्या सभागृहाविना मंजूर झाले. राखीव जागेवरचा सदस्य नाही, समाजकल्याण समिती नाही, प्रश्न विचारणारे कोणी नाही. 6 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घ्या म्हणून आदेश द्यावा लागला. आरक्षणाचा हक्क संविधानात शाबूत आणि सभागृहाला मात्र कुलूप! महाडचा ठराव याहून वेगळा होता का?

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. प्रत्येक तालुक्यात पाच तरुणांनी जिल्हा परिषदेचा अर्थसंकल्प वाचायला बसावे. दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज करून तीन गोष्टी विचाराव्यात. 20 टक्के सेसची तरतूद किती? खर्च किती झाला? उरलेला पैसा पुढच्या वर्षीच्या तरतुदीत दाखवला का? उत्तर आले की ते विहारात, वस्तीत, सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावे. स्थानिक निधी लेखापरीक्षेचे आक्षेप मागून घ्यावेत. ग्रामसभेत आपल्या वस्तीच्या कामाचा ठराव लिहून घेऊन त्याची प्रत स्वतःजवळ ठेवावी.

बाबासाहेबांनी आधी सरकारचा हिशेब वाचला आणि मग तळ्यावर पाऊल टाकले. आम्ही त्यांची जयंती करतो. आता त्यांच्यासारखा हिशेबही मागू.

जयभीम!