वाढत्या शहरांतील गोठे आणि भूवापराचे नियम : लहान पशुपालकांपुढील प्रश्न

नवी दिल्ली : शहराची हद्द वाढते, नवा विकास आराखडा लागू होतो आणि पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी असलेला गोठा कागदोपत्री ‘निवासी विभागात’ येतो. गोठ्यात चार म्हशी असोत वा दहा शेळ्या, त्या दिवसापासून मालकाला लागू होणारे कायदे बदलतात. देशातील अनेक शहरांच्या सीमेवर सध्या हेच घडत आहे. एका बाजूला दुर्गंधी, माश्या आणि तुंबलेल्या गटारांनी त्रासलेले रहिवासी आहेत, तर दुसऱ्या बाजूला रोजच्या रतिबावर घर चालवणारी कुटुंबे. या वादात लागू होणारे नियम, त्यांचा उगम आणि लहान पशुपालकांवर होणारा त्यांचा परिणाम यांचा हा आढावा.

एकाच जनावराच्या दोन अनुसूची

पशुधनाचे संवर्धन, सार्वजनिक आरोग्य आणि स्थानिक स्वराज्य संस्था हे तिन्ही विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत आहेत. त्यामुळे गोठ्यांविषयी देशभर लागू होणारा एकच कायदा नाही. प्रत्येक राज्याचे महानगरपालिका व नगरपालिका कायदे, नगररचना कायदा आणि स्थानिक उपविधी मिळून नियमांची चौकट तयार होते.

1992 मधील 73 व्या आणि 74 व्या घटनादुरुस्तीने ग्रामपंचायती व नगरपालिकांच्या कामांच्या याद्या घटनेत आल्या. ग्रामपंचायतींसाठीच्या अकराव्या अनुसूचीत ‘पशुसंवर्धन, दुग्धव्यवसाय व कुक्कुटपालन’ हा स्वतंत्र विषय आहे. नगरपालिकांसाठीच्या बाराव्या अनुसूचीत असा विषय नाही. तेथे जनावरांचा उल्लेख कोंडवाडे, प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध आणि कत्तलखान्यांचे नियमन या संदर्भात येतो. गावात जे जनावर पंचायतीने प्रोत्साहन द्यावे अशा व्यवसायाचा भाग असते, तेच गाव शहरात विलीन झाल्यावर नियंत्रणाचा विषय होते. पुणे महानगरपालिकेत 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावांचा समावेश झाला. अशा हद्दवाढीच्या वेळी चर्चा मुख्यतः मालमत्ता कर, पाणी आणि रस्त्यांची होते. गोठ्यांचे पुढे काय, हा प्रश्न बहुधा पहिली तक्रार आल्यावरच पुढे येतो.

विसाव्या पशुगणनेनुसार (2019) देशातील पशुधन 53 कोटी 50 लाखांहून अधिक आहे. त्यातील सुमारे चार टक्के शहरी भागात आहे. टक्केवारी लहान दिसली तरी ही संख्या दोन कोटींच्या वर जाते.

भूवापर, परवाना आणि उपद्रव

शहरी पशुपालकाला एकाच वेळी तीन वेगवेगळ्या कायदेशीर कसोट्यांना सामोरे जावे लागते.

पहिली कसोटी भूवापराची. विकास आराखड्यात प्रत्येक भूखंड निवासी, व्यापारी, औद्योगिक, शेती अशा एखाद्या विभागात मोडतो. महाराष्ट्रात 1966 च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमानुसार जमिनीच्या वापरातील बदल हाही ‘विकास’ समजला जातो आणि त्यासाठी परवानगी लागते. गोठा, कुक्कुटपालन, शेळीपालन यांना सामान्यतः शेती विभागात अटींसह मुभा असते. निवासी विभागात त्यांना सहसा स्थान नसते. डिसेंबर 2020 मध्ये राज्याच्या बहुतांश भागासाठी एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली. मुंबईची नियमावली स्वतंत्र आहे.

दुसरी कसोटी परवान्याची. महाराष्ट्राच्या 1976 च्या शहरी भागातील गुरे पाळणे व त्यांची ने-आण (नियंत्रण) अधिनियमानुसार अधिसूचित शहरी क्षेत्रात परवान्याशिवाय गुरे पाळता येत नाहीत. दिल्लीत 1957 च्या महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 417 नुसार परवाना आवश्यक असून, कलम 418 नुसार विनापरवाना ठेवलेली किंवा मोकाट सोडलेली जनावरे जप्त करता येतात.

तिसरी कसोटी उपद्रवाची. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 नुसार दंडाधिकारी सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा आदेश देऊ शकतात. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ही तरतूद कलम 133 मध्ये होती. येथे पशुपालकाची मोठी गैरसोय होते. गोठा आधीचा आणि इमारत नंतरची, एवढ्यावरून तक्रार फेटाळली जात नाही. उपद्रव आज होतो आहे का, हे पाहिले जाते.

या तिन्ही कसोट्यांसाठी वेगवेगळी कार्यालये आहेत. परवाना आरोग्य किंवा पशुवैद्यकीय विभाग देतो, जमिनीचा विभाग नगररचना खाते ठरवते आणि सांडपाण्याबाबत प्रदूषण नियंत्रण मंडळ बोलते. एका कार्यालयाची परवानगी असली तरी दुसऱ्याची नोटीस टळत नाही.

अंतराच्या नियमाचा हिशेब

राष्ट्रीय हरित लवादापुढील प्रकरणांनंतर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2020 मध्ये डेअऱ्या व गोशाळांसाठी पर्यावरणीय मार्गदर्शक सूचना दिल्या. पुढच्या वर्षी त्यांत सुधारणाही झाल्या. 2020 च्या सूचनांत डेअरी निवासी घरांपासून किमान 200 मीटर आणि रुग्णालये व शाळांपासून 500 मीटर दूर असावी, असे म्हटले होते. कुक्कुटपालनासाठी निवासी भागापासून 500 मीटरचे अंतर सुचवण्यात आले आहे. पाच हजारांपेक्षा अधिक पक्षी असलेल्या कुक्कुटपालन केंद्रांना मंडळाच्या संमतीच्या कक्षेत आणण्यात आले.

अंतराचा नियम सोपा आणि न्याय्य वाटतो. जमिनीवर मात्र त्याचा अर्थ वेगळा निघतो. गोठ्याच्या चारही बाजूंना 200 मीटरपर्यंत एकही घर नको असेल, तर सुमारे साडेबारा हेक्टर, म्हणजे 31 एकरांचे वर्तुळ मोकळे हवे. 500 मीटरसाठी हेच क्षेत्र 78 हेक्टरांवर जाते. 2015-16 च्या कृषी गणनेनुसार देशातील सरासरी शेतजमीन धारणा 1.08 हेक्टर आहे. लहान पशुपालकाला हे अंतर स्वतःच्या जमिनीत राखणे शक्यच नाही. त्याचा गोठा नियमात बसतो की नाही, हे शेजारचा जमीनमालक घर बांधतो की नाही यावर ठरते. मोठ्या भांडवलाच्या डेअरीला दूर जाऊन जमीन घेता येते. चार म्हशींच्या मालकाला वैरण, पेंड आणि दूध घेणारी गिऱ्हाईके एकाच टापूत हवी असतात. सकाळ-संध्याकाळ धार काढून तासाभरात दूध घरोघर पोहोचवायचे असेल, तर वीस किलोमीटर दूरचा गोठा परवडत नाही.

रहिवाशांची बाजू

तक्रारी निराधार असतात असे नाही. मंडळाच्या अंदाजानुसार सुमारे 400 किलो वजनाचे एक जनावर दररोज 15 ते 20 किलो शेण आणि जवळपास तितकेच लिटर मूत्र टाकते. दहा जनावरांचा गोठा म्हणजे रोज दीड ते दोन क्विंटल शेण. गावात ते उकिरड्यात कुजून शेतात खत म्हणून जाते. शेत उरले नाही की तेच शेण पाण्याच्या फवाऱ्याने नाल्यात ढकलले जाते. गटारे तुंबतात, डासांची पैदास वाढते आणि नाल्याचे पाणी नदीपर्यंत पोहोचते.

रोगांचा धोकाही खरा आहे. फेब्रुवारी 2006 मध्ये देशातील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे झाला, तेव्हा तेथील कुक्कुटपालन केंद्रांबरोबर परसातील कोंबड्याही मोठ्या प्रमाणावर माराव्या लागल्या. डुकरे ही जपानी मेंदूज्वराच्या विषाणूची वाढ होणारी यजमान समजली जातात, म्हणून वराहपालन वस्तीपासून दूर ठेवण्याचा आग्रह असतो. लेप्टोस्पायरोसिसचा प्रसार उंदरांप्रमाणेच गुरांच्या मूत्रानेही होऊ शकतो. पावसाळ्यात पाणी साचणाऱ्या शहरांत हा धोका वाढतो. रस्त्यावर सोडलेल्या भाकड जनावरांमुळे होणारे अपघात हा आणखी एक भाग.

मुंबई : हलवलेल्या गोठ्यांभोवती वाढलेले शहर

गोठे शहराबाहेर नेण्याचा देशातील सर्वांत नावाजलेला प्रयोग मुंबईत झाला. 1949 मध्ये गोरेगावजवळ आरे दुग्धवसाहत उभी राहिली. मुंबईचे तत्कालीन दुग्ध आयुक्त दारा खुरोडी यांचे नाव या प्रकल्पाशी जोडलेले आहे. त्यांना 1963 मध्ये वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासह रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सुमारे तीन हजार एकरांच्या या वसाहतीत तबेल्यांबरोबर कुरणे, पशुवैद्यकीय सेवा आणि दूध प्रक्रियेची सोय होती. मालकाला केवळ ‘जा’ असे न सांगता जाण्याजोगी जागा देण्यात आली, हे या योजनेचे वैशिष्ट्य होते.

तरीही शहरातील सर्व तबेले गेले नाहीत आणि पुढे शहरच आरेपर्यंत पोहोचले. आज आरेचे नाव निघते ते मेट्रो कारशेड आणि वृक्षतोडीच्या वादात. उरलेले तबेले पालघर जिल्ह्यातील दापचरी येथे हलवण्याचा प्रस्ताव वर्षानुवर्षे चर्चेत राहिला. मुंबईच्या गिऱ्हाइकापासूनचे अंतर हा त्यावरील मुख्य आक्षेप आहे.

दिल्ली : कचऱ्याच्या डोंगराशेजारच्या डेअऱ्या

दिल्लीनेही 1970 च्या दशकापासून शहरातील डेअऱ्यांना सीमेवरील नियोजित वसाहतींत भूखंड दिले. गाझीपूर, भलस्वा, घोघा, मदनपूर खादर, काकरोला, नांगली सकरावती ही त्यांतील काही नावे. पुढे गाझीपूर येथे 1984 मध्ये आणि भलस्वा येथे 1994 मध्ये कचराभूमी सुरू झाली. शहराने गोठे ज्या दिशेला पाठवले, त्याच दिशेला कचराही पाठवला. डेअरी वसाहतींतील अनेक भूखंडांवर कालांतराने घरे आणि दुकानेही उभी राहिली.

2024 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने कचराभूमीलगतच्या डेअऱ्यांतील जनावरे घातक कचरा खात असून त्यांच्या दुधामुळे ग्राहकांच्या आरोग्याला धोका संभवतो, याची गंभीर दखल घेतली. दूध उतरवण्यासाठी होणाऱ्या ऑक्सिटोसिनच्या वापरावरही न्यायालयाने कारवाईचे निर्देश दिले. त्याच वर्षी भलस्वा येथील डेअऱ्या घोघा येथे हलवण्याचे आदेश झाले. तेथील कुटुंबांचा प्रश्न असा की, एकदा सरकारनेच दिलेल्या जागेवरून दुसऱ्यांदा उठायचे असेल, तर नव्या जागी पाणी, वीज, सांडपाण्याची वाट आणि पशुवैद्यकीय दवाखाना आधी तयार असणार का?

गुजरात आणि राजस्थान

गुजरात विधानसभेने 2022 मध्ये शहरी भागात गुरे पाळण्यासाठी परवाना आणि जनावरांना ओळखबिल्ला सक्तीचा करणारे विधेयक संमत केले. मालधारी समाजाने त्याला तीव्र विरोध केला. त्यांचे म्हणणे असे की, त्यांची गुरे शहरात आली नसून शहर त्यांच्या गायरानात आले आहे. राज्यपालांनी विधेयक परत पाठवले आणि सप्टेंबर 2022 मध्ये ते मागे घेण्यात आले. त्या दिवशी मालधारींनी दूधविक्रीही बंद ठेवली होती. मोकाट गुरांचा प्रश्न मात्र कायम राहिला आणि महानगरपालिकांनी परवान्याची धोरणे स्वतंत्रपणे पुढे नेली.

राजस्थानात त्याच वर्षी शहरांसाठी पुढे आलेल्या नियमांत घरी एक गाय व वासरू ठेवण्यास मुभा आणि त्यासाठी किमान 100 चौरस यार्ड स्वतंत्र जागेची अट होती. शहरी दरांनी एवढी जागा ज्याच्याकडे आहे, त्याला गायीच्या दुधावर पोट भरण्याची गरज क्वचितच असते.

इतर वाटा

सरसकट बंदी आणि सरसकट दुर्लक्ष यांच्या मधल्या वाटा उपलब्ध आहेत. केरळने 2012 च्या पंचायत परवाना नियमांत ठरावीक संख्येपर्यंतच्या जनावरांना परवान्यातून वगळले. संख्या वाढेल तशा जागा, खतखड्डा आणि सांडपाण्याच्या अटी वाढतात. जोखीम जितकी, तितका नियम हे त्यामागील सूत्र आहे.

दुसरे उदाहरण वेगळ्या व्यवसायाचे आहे. 2014 च्या पथविक्रेता अधिनियमानुसार सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत विक्रेत्याला हटवता येत नाही. स्थलांतर करायचे झाल्यास 30 दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि नगर विक्रेता समितीत विक्रेत्यांचे प्रतिनिधी असतात. शहरी पशुपालकांसाठी अशी देशव्यापी तरतूद नाही. किती गोठे आहेत, किती जुने आहेत, त्यांवर किती कुटुंबे अवलंबून आहेत याची नोंद विकास आराखडा करण्यापूर्वी झाली, तर ठरावीक जनावरांसाठी सामायिक जागा किंवा बायोगॅस संयंत्रासाठी आरक्षण ठेवणे शक्य होते. आराखडा मंजूर झाल्यावर तेच काम अतिक्रमणविरोधी पथकाकडे जाते.

पशुपालकांनी काय तपासावे

प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाल्यावर हरकती व सूचनांसाठी ठरावीक मुदत असते. आपला गट किंवा सर्व्हे क्रमांक कोणत्या विभागात दाखवला आहे, हे त्याच काळात पाहून लेखी हरकत नोंदवणे सर्वांत उपयुक्त ठरते. जमीन गावठाणात आहे की बाहेर, याचा दाखला महसूल कार्यालयातून घेता येतो. गोठा किती जुना आहे हे दाखवणारी कागदपत्रे, म्हणजे ग्रामपंचायतीच्या नोंदी, कराच्या पावत्या, वीजबिले आणि दूध सोसायटीची पुस्तके जपून ठेवावीत. उपद्रवाच्या तक्रारीत ती एकटी पुरेशी नसली, तरी पुनर्वसनाचा किंवा मुदतीचा प्रश्न आल्यावर त्यांचा आधार होतो. जनावरांचे कानबिल्ले व लसीकरणाच्या नोंदी अद्ययावत असाव्यात. शेण रोज उचलले जाते, मूत्र गटारात सोडले जात नाही आणि जनावरे रस्त्यावर मोकाट नसतात, एवढे दाखवता आले तर तक्रारीचे मुख्य आधारच कमी होतात. नोटीस आल्यास ती कोणत्या कायद्याखाली आहे हे प्रथम वाचावे. भूवापर, परवाना आणि उपद्रव या तिन्हींची उत्तरे आणि अपिलाचे मार्ग वेगळे आहेत.