माहूरची रेणुका : बी कोणाचे, कथा कोणाची?

नवरात्रात माहूरगडावर रेणुकेचा जागर होतो; घटाच्या मातीत धान्य पेरले जाते. प्राचीन ग्रीसमध्येही याच सुमारास, पेरणीच्या तोंडावर, स्त्रिया धान्यदेवता डिमीटरचा थेस्मोफोरिया सण पाळत. पुरुषांना तिथे मज्जाव होता. दोन्हीकडे गाभा एकच : माती, बी आणि बाई.

मग महाभारताच्या वनपर्वात रेणुकेचे काय होते? मन क्षणभर ढळले म्हणून नवरा आज्ञा देतो आणि परशुराम आईचाच शिरच्छेद करतो. पेरणाऱ्या बाईच्या सणाला ही कथा कोणी चिकटवली? याच रेणुकेला यल्लम्मा म्हणत आमच्या मुली देवाला सोडल्या गेल्या. १९३४ साली मुंबई इलाख्यात देवदासींसाठी कायदा करावा लागला.

आम्ही स्पष्ट सांगतो : घटातले बी आमचे आहे, आईचे मुंडके उडवणारी कथा आमची नाही.